कॉलेजात पाण्यावरच्या फिल्म्स दाखवतात, ते आलं कुठून?

आठवड्याला एक फिल्म, विषय पाणी नाहीतर पर्यावरण, मग कटिंग चहा आणि वादावादी. मुंबईच्या कॉलेजांत, युनिव्हर्सिटीत हा प्रकार आता काही नवा नाही. बऱ्याच जणांना वाटतं की ही क्लायमेट चेंजच्या जमान्यातली आयडिया आहे, पण तसं नाहीये, याचं एक मूळ चक्क कोर्टाच्या निकालात आहे.

२२ नोव्हेंबर १९९१ ला पर्यावरणाच्या केसेस लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की थिएटरवाल्यांनी प्रत्येक शोला पर्यावरणाच्या निदान दोन स्लाइड फुकट दाखवायच्या, आणि ही लायसन्सची अटच, माहिती-प्रसारण खात्याने या विषयावर छोट्या फिल्म्स काढायच्या आणि वर शाळा-कॉलेजात पर्यावरण हा विषय सक्तीचा करायचा. म्हणजे पडदा आणि वर्ग एकाच निकालात बांधले गेले. स्लाइड कोणी बघितल्या देव जाणे, ती वेळ समोसा आणायची! कॉलेजांनीही बरीच वर्षं चालढकल केली, शेवटी २००३ मध्ये कोर्टाने परत कान उपटले तेव्हा कुठे पदवीच्या पोरांना ईव्हीएसचा, म्हणजे पर्यावरण अभ्यासाचा, पेपर आला. आता शंभर-दीडशे पोरांना हा विषय शिकवायचा कसा, तर लावा फिल्म. खरं सांगायचं तर कितीतरी ठिकाणी सुरुवात पर्यावरणप्रेमातून कमी आणि लेक्चर भरायच्या गरजेतून जास्त झाली असावी, आणि त्यात मला काही वाईटही वाटत नाही.

त्याआधी पाणी पडद्यावर नव्हतं असं नाही. पेडर रोडवरचं फिल्म्स डिव्हिजन, म्हणजे सरकारचं डॉक्युमेंटरी काढणारं खातं, १९४८ चं, पिक्चरच्या आधी त्यांची डॉक्युमेंटरी लागायची आणि त्यात धरण म्हणजे हिरो, दरवाजे उघडले की पाणी धो धो आणि मागे तो भारदस्त आवाज. ज्यांचं गाव त्या पाण्याखाली गेलं ते मात्र फ्रेमच्या बाहेर. नर्मदेच्या आंदोलनाने हा कॅमेरा उलटा फिरवला. आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांची 'अ नर्मदा डायरी' १९९५ ची, आणि असल्या फिल्म्सना थिएटर कोण देणार, त्यामुळे त्या फिरल्या त्या कॉलेजांतून, फिल्म सोसायट्यांतून, वस्त्यांमधून.

मग २००४. मुंबईच्या सरकारी डॉक्युमेंटरी फेस्टिव्हलमध्ये, म्हणजे मिफमध्ये, सेन्सॉर सर्टिफिकेटवरून राडा झाला, तेव्हा फिल्मवाल्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' नावाने आपला वेगळा फेस्टिव्हलच भरवला. प्रोजेक्टर, खुर्च्या आणि बघणारे असले की झालं, हे तिथे नीटच दिसलं.

आणि २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि ज्या मिठीला आपण नाला म्हणत होतो ती नदी आहे हे गळ्यापर्यंत पाणी आल्यावर कळलं. पाणी हा विषय नर्मदेहून थेट कुर्ला-कलिनाच्या दारात आला. एव्हाना कॅमेरेही स्वस्त झाले होते, त्यामुळे पोरं नुसती बघेनात, शूट करायला लागली.

बाकी तारखांची गंमत वेगळीच. जागतिक जलदिन २२ मार्चला असतो, १९९३ पासून, आणि आपल्याकडे नेमका तेव्हा परीक्षांचा मोसम, म्हणून कार्यक्रम ढकलत ढकलत पावसाळ्यात जातो आणि पाणीटंचाईवरची फिल्म बघायला सगळे चिंब भिजून येतात.

एक शो मला अजून आठवतो. पडदा म्हणून चादर, तीही मध्येच सुटलेली, आणि फिल्म मुंबईच्या पाण्यावर, शहराला पाणी देणारे तलाव आणि धरणं, विहार १८६० चा, तानसा १८९२ चा, मग मोडकसागर, भातसा, २०१४ चं मध्य वैतरणा असं सगळं. संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, म्हणाली, मी शहापूरची, तानसा-भातसा आमच्याच तालुक्यात, आणि एप्रिल-मेमध्ये माझी आई टँकरच्या रांगेत असते. फिल्म होती चाळीस मिनिटांची, पण त्यानंतर दीड तास कोणी उठलं नाही, वॉचमन दोनदा येऊन गेला. पुढच्या वर्षीपासून तिथल्या फिल्म्सच्या मालिकेत शहापूरची एक फेरी आली, टँकरच्या वेळेला पोचायचं म्हणून भल्या पहाटे दादरहून आसनगाव लोकल.