सहा महिने मुरलेली कुकी

तीन पौंड पीठ, कपभर बारीक धनेपूड, एक पौंड लोणी, दीड पौंड साखर. नाताळच्या कुकीची ही कृती अमेरिकेतल्या हार्टफर्डला १७९६ साली छापलेल्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकात आहे. लेखिका अमेलिया सिमन्स. नावापुढे तिने ‘एक अमेरिकन अनाथ’ असं लिहिलंय. पाऊण इंच जाड लाटा, हवा तो आकार कापा, मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं भाजा. आधी टणक लागेल. पण मातीच्या भांड्यात घालून कोरड्या तळघरात किंवा दमट खोलीत ठेवली, तर सहा महिन्यांनी मऊ आणि जास्त चांगली लागते, असं बाई सांगतात. ओव्हनपाशी उभं राहून ‘झाली का?’ विचारणाऱ्या चार वर्षांच्या पोराला हे सांगून बघा!

आज मुलांना ओट्याशी घेऊन आपण जी पातळ कुकी कापतो आणि रंगवतो, तिची ही धनेवाली आजी. हिच्यात खायचा सोडा नव्हता. लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार दुधात विरघळवून घालायचे, आणि त्याची कडवट चव धने झाकत असणार, असा माझा अंदाज.

‘कुकी’ हा शब्द डचांचा, अर्थ छोटा केक. न्यूयॉर्क १६६४ पर्यंत डचांचं न्यू ॲमस्टरडॅम होतं, तिथून तो अमेरिकन इंग्रजीत मुरला. पेनसिल्वेनियातल्या नाझरेथ गावाला मात्र साखरेच्या कुकीच्या जन्माचा मान स्वतःकडे हवा असतो. तिथे १७४० मध्ये मोरावियन या ख्रिस्ती पंथाचे लोक येऊन राहिले, कुकी त्यांची, असं सांगतात. पण गाठ मारल्यासारखी ‘जम्बल’ नावाची बिस्किटं इंग्रज त्याच्या कितीतरी आधीपासून करत होते. तेव्हा एकाच गावाला मान द्यायला मी काही तयार नाही.

या सगळ्यात मुलांचा वाटा बराच काळ खाण्यापुरताच. जर्मनीतल्या न्युरेंबर्गमध्ये मसाल्याची ‘लेबकुखन’ नावाची बिस्किटं करणाऱ्यांचा १६४३ पासून स्वतंत्र व्यावसायिक संघ होता. नक्षीचे लाकडी साचे कसबी कारागिरांचे, आणि मसाले-साखर उधळायला कुणाच्या घरी होती? साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेत मिळे. अडकित्त्यासारख्या चिमट्याने तिचे तुकडे पाडायचे, खलबत्त्यात कुटायचे, मग चाळायचे. ती यायची कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतून, गुलामांच्या घामातून. बर्लिनमध्ये मारग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने १७४७ साली बीटात साखर शोधली. पुढच्या शतकात बीटाचे कारखाने उभे राहिले आणि साखर स्वस्त झाली. त्याच शतकात बेकिंग पावडर आली, घरोघरी बिडाच्या चुली आल्या, पत्र्याचे साचे आले. पत्र्याची चांदणी पिठात दाबायला कसब लागत नाही, तळहाताचा जोर पुरतो. मुलांना कामात जागा मिळाली ती इथे. (बेकिंग पावडर जास्त झाली की चांदणीची टोकं फुगून बोथट होतात, म्हणून ती बेतानेच घालतात.)

सजावटीचं आयसिंग म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि दळलेली साखर. ते हाताने फेटता फेटता दंड भरून येत. फिरकीच्या फेटणीचं पहिलं पेटंट अमेरिकेत १८५६ मध्ये निघालं. रंगांची गोष्ट कमी गोड. पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग बनवला, तसलेच रंग मिठाईत शिरले. अमेरिकेने १९०६ च्या कायद्यानंतर खाण्यासाठी फक्त सात कृत्रिम रंगांना परवानगी दिली. तरी १९५० मध्ये हॅलोविनच्या नारिंगी मिठाईने मुलं आजारी पडली आणि त्यातला परवानगी असलेला रंगही पुढे बाद झाला. आता कच्च्या अंड्याच्या धास्तीने बरेच जण आयसिंगमध्ये त्याजागी मेरिंग पावडर, म्हणजे सुकवलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची पूड, वापरतात.

आपली नानकटाईसुद्धा सुरतेच्या डच बेकरीतून आली, असं सांगतात. खरं असेल तर ती या कुकीची लांबची बहीण. पण आपल्याकडे ओव्हन घरात नव्हता, कोपऱ्यावरच्या बेकरीत होता. रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून तिथे न्यायची, आणि भाजून होईपर्यंत आपला पत्रा दुसऱ्याच्या पत्र्यात मिसळू नये म्हणून राखणीला बसवायचं ते घरातल्या पोरांना. कापाकापीची हौस दिवाळीत शंकरपाळ्यांवर भागायची, तीही कातणं आजीच्या हातातून सुटलं तर.