होडी आणि माशाच्या आडून: कॅनडाच्या नदी-कायद्यांची पार्श्वभूमी

कॅनडाच्या १८६७ च्या घटनेने अधिकारांची वाटणी केली, त्यात ‘पर्यावरण’ हा विषयच नव्हता. जंगल आणि खाणी प्रांतांकडे गेल्या. केंद्राच्या वाट्याला नौकानयन आणि मासेमारी आली. पुढे नद्या वाचवायला ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, जे केले, ते मुख्यतः होडी आणि मासा या दोन गोष्टी हाताशी धरून. आजचे बरेच गुंते इथूनच सुरू होतात.

मासेमारी कायदा १८६८ चा, जलमार्गांचा १८८२ चा. दुसऱ्याचा हेतू साधा होता: पूल-धरणांनी होड्यांची वाट अडू नये. पण अल्बर्टातल्या ओल्डमन नदीवरील धरणाच्या खटल्यात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या कायद्याखाली मंजुरी देताना केंद्राने पर्यावरणावरचे परिणामही तपासले पाहिजेत.

माशाचा आधार मात्र हवा तेवढा ताणता येत नाही. १९८० मध्ये त्याच न्यायालयापुढे दोन प्रकरणे आली. डिझेल सांडल्याच्या प्रकरणात केंद्राची बंदी टिकली, कारण ती माशांना घातक द्रव्यांपुरती होती. पाण्यात लाकूडतोडीचा कचरा, फांद्या, बुंधे टाकायला सरसकट मनाई करणारे कलम रद्द झाले. त्यात माशांच्या नुकसानीचा संबंधच जोडलेला नव्हता.

माशांच्या अधिवासाला, म्हणजे राहण्या-वाढण्याच्या जागेला, संरक्षण मिळाले ते मासेमारी कायद्यातल्या १९७७ च्या दुरुस्तीने. त्याची गरज ओढ्याच्या तळाशी दिसते. सामन माशाची मादी शेपटीने खडीत खड्डा करते, अंडी घालते आणि वर खडी लोटते. खडीच्या फटींतून वाहणारे पाणी अंड्यांना प्राणवायू पुरवते. वरच्या अंगाला रस्ता खोदला आणि बारीक गाळ त्या फटींत बसला, की अंडी गुदमरतात. पाण्यावर मेलेला मासा एकही दिसत नाही. म्हणून कलम ३५ ने अधिवासात हानिकारक बदल, व्यत्यय किंवा नाश हाच गुन्हा ठरवला. मंत्र्यांची परवानगी असेल तरच सूट. १९८६ च्या धोरणाने अट घातली: एका जागी अधिवास गेला तर दुसरीकडे तेवढाच तयार करा. कागदावर हिशोब जुळतो. पण टाकलेली खडी पुरात वाहून गेली, की जुळलेला हिशोबही तिच्याबरोबर जातो.

२०१२ मध्ये दोन अर्थसंकल्पी विधेयकांनी हे सगळे आक्रसले. कलम ३५ मधली अधिवासाची भाषा गेली आणि व्यापारी, हौशी व आदिवासी मासेमारीशी जोडलेल्या माशांची ‘गंभीर हानी’ एवढेच उरले. जलमार्ग कायदा ३ महासागर, ९७ सरोवरे आणि ६२ नद्यांच्या यादीपुरता राहिला. ‘आयडल नो मोअर’ हे आदिवासींचे आंदोलन याच सुमारास पेटले. २०१९ मध्ये अधिवासाचे शब्द परत आले. जलमार्गांचे संरक्षणही पुन्हा सर्व नौकानयनयोग्य पाण्यांना मिळाले. यादी मात्र कडक मंजुरीसाठी शिल्लक आहे.

संकटग्रस्त प्रजातींचा कायदा २००२ चा. त्यातल्या मनाया २००४ पासून लागू झाल्या. अत्यावश्यक अधिवास निश्चित झाला, की १८० दिवसांत त्याला कायदेशीर संरक्षण द्यावे लागते. ब्रिटिश कोलंबियाच्या ऑर्कांबाबत (किलर व्हेल) सरकारने आधी मासेमारी कायदा वगैरे पुरेसे आहेत, असे निवेदन काढले. २०१२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ते अमान्य केले: परवानगी देणे न देणे मंत्र्यांच्या मर्जीवर असेल, तर त्याला कायदेशीर संरक्षण म्हणता येत नाही.