किडनी द्यायची तयारी आहे? आधी साखर, मग कागदपत्रं

वडिलांची किडनी मधुमेहानं निकामी झाली की घरचे बहुधा तरण्या पोराला पुढं करतात. डॉक्टरांची नजर मात्र आईकडंही जाते, आणि ते बरोबरच आहे. पंचावन्नाव्या वर्षापर्यंत जिची साखर वाढली नाही, तिचा पुढचा धोका तसा कमी. २६ वर्षांच्या पोराचा आजचा रिपोर्ट चांगला असला तरी वडिलांकडून आलेला मधुमेह चाळिशीत डोकं वर काढू शकतो; तेव्हा त्याच्याकडं एकच किडनी असेल.

उपाशीपोटी साखर १०० च्या आत हवी. १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. मधे अडकलेल्यांना, आई-वडील किंवा भावंडांत मधुमेह असणाऱ्यांना आणि गरोदरपणात साखर वाढलेल्या बायकांना सहसा ग्लुकोज पाजून तपासतात. घोटाळे इथंच होतात. रिपोर्ट चांगला यावा म्हणून काहीजण आधी तीन दिवस भात-भाकरी सोडतात; त्यानं तपासणीच बिघडते. नेहमीसारखं जेवा, रात्री किमान आठ तास उपाशी राहा. पहाटेच्या एसटीनं साताऱ्याला येणार असाल तर स्टँडवरचा चहा नको, मशेरीही नको. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाच मिनिटांत प्यायचं, मग दोन तास बसून राहायचं. दोन तासांनी १४० च्या आत आली तर उत्तम, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. मधला आकडा आला म्हणून लगेच नकार येत नाही. वय, वजन, बीपी, लघवीतलं प्रोटीन हे सगळं मिळून ठरतं. तीन महिन्यांची सरासरी साखरही बघतात, पण अंगात रक्त कमी असेल तर तो आकडा फसवतो.

आता कायदा. दाता १८ वर्षांवरचा हवा. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, सख्खी भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. मामा, चुलतभाऊ, वहिनी त्यात बसत नाहीत. त्यांना प्राधिकार समितीची मंजुरी लागते.

आधार, रेशन कार्ड, जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला, फोटो काढून ठेवा. नवरा-बायकोंना लग्नाचं प्रमाणपत्र, लग्नाचा फोटो आणि मुलांचे जन्मदाखलेही लागतात. लग्नाची नोंदणी राहिली असेल तर गावात ग्रामपंचायतीत चौकशी करा. आधारवर सासरचं नाव आणि दाखल्यावर माहेरचं, यात फार दिवस जातात. ते आधी निस्तरा.

दात्याशी डॉक्टर एकटं बोलतात, तेव्हा घरच्यांनी बाहेर थांबायचं. ऑपरेशनच्या आधी कधीही त्याला नाही म्हणता येतं.