फाशी खरंच स्वस्त पडते?

‘खुन्याला जन्मभर फुकट कशाला पोसायचं? फाशी द्या, खर्च वाचेल.’ हे इतक्यांदा ऐकलंय की हिशेब मांडायची कोणाला गरजच वाटत नाही. अमेरिकेत तो मांडला गेला आणि उलटाच निघाला.

कॅलिफोर्नियात १९७८ पासून मृत्युदंडाच्या व्यवस्थेवर सुमारे ४ अब्ज डॉलर खर्च झाल्याचं २०११ च्या एका अभ्यासात दिसलं. तोवर शिक्षा अमलात आली होती फक्त १३ जणांची! पैसा मृत्युदंडाच्या विषारी इंजेक्शनवर जात नाही (ते तर किरकोळ), तो जातो खटल्यावर. दोष ठरवण्याची सुनावणी वेगळी, शिक्षेची वेगळी. ज्युरी (निकाल देणारे सामान्य नागरिक) निवडायलाच कित्येक आठवडे. बहुतेक आरोपींचे वकीलही सरकारी पैशाने. मग वर्षानुवर्षं अपिलं. तोपर्यंत कैद्याला पोसावं लागतंच, तेही जादा बंदोबस्तात.

मग अपिलंच कमी करा, असं कोणी म्हणेल. पण १९७३ पासून तिथे मृत्युदंड झालेले सुमारे २०० जण पुढे आरोपमुक्त होऊन सुटलेत, काही तर दोन-तीन दशकांनी. ते सुटले या लांबलेल्या चौकशीमुळेच. आणि खून झालेल्याच्या घरच्यांचं काय? प्रत्येक सुनावणीला तोच प्रसंग पुन्हा ऐकायचा, कधीकधी वीस-वीस वर्षं.