दहा लाखांत फक्त दहा

गेल्या आठवड्यात नागपूरच्या धंतोलीत शेजारच्या काकूंचा एमआरआय झाला. बाहेर आल्या आणि पहिला प्रश्न, “एक्स-रे चुटकीसरशी निघतो, मग याला पाऊण तास कशाला?” प्रश्न अगदी रास्त आहे.

एमआरआयला मिळणारा संकेत फार क्षीण असतो. तो पुन्हा पुन्हा घेऊन बेरीज करावी लागते. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो आणि त्याचं प्रत्येक केंद्रक म्हणजे इवलासा चुंबक. ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकी क्षेत्राच्या जोराचं एकक) यंत्रात दर १० लाख केंद्रकांपैकी साधारण ५,००,००५ त्या क्षेत्राच्या दिशेने असतात, ४,९९,९९५ उलट. वजाबाकी फक्त १०! बाकीची एकमेकांना खोडून टाकतात, कारण शरीराची ऊब त्यांना शिस्तीत राहू देत नाही. (३ टेस्लाला जिथे एवढंच साधतं, तिथे बर्डीच्या फुटपाथवरचं चुंबकी कडं रक्त ‘शुद्ध’ करेल, या आशेवर पैसे घालवू नका.)

ही वजाबाकी वाढवायची युक्ती म्हणजे अतिध्रुवीकरण, आणि माझ्या मते ती फार सुंदर आहे. इलेक्ट्रॉनचा चुंबक प्रोटॉनच्या, म्हणजे हायड्रोजनच्या केंद्रकाच्या, ६५८ पट जोरदार. ३.३५ टेस्ला आणि १.२ केल्विनला, म्हणजे उणे २७२ अंशांना, इलेक्ट्रॉनची हीच वजाबाकी ९५ टक्क्यांवर जाते. केंद्रकं मात्र तिथेही बेशिस्तच. मग ९४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या. वारंवारता नेमकी निवडली, की इलेक्ट्रॉन आणि शेजारचं केंद्रक जोडीनेच उलटतात. इलेक्ट्रॉन झटकन पूर्वपदावर येतो आणि पुढच्या केंद्रकाला वळवायला मोकळा होतो. वळलेलं केंद्रक मात्र त्या थंडीत तसंच टिकतं. असं करत करत शिस्त साठत जाते. ही देवाणघेवाण अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ओव्हरहाउसरने १९५३ मध्ये धातूंसाठी सुचवली होती.

२००३ मध्ये डेन्मार्कच्या आर्डेनकेअर-लार्सन आणि सहकाऱ्यांनी असा गोठलेला नमुना गरम द्रावकात झटकन विरघळवला. शिस्त शिल्लक राहिली आणि द्रवातला संकेत १०,००० पटींहून जास्त वाढला!

यात कार्बन-१३ (केंद्रक चुंबकासारखं वागणारा कार्बन) घातलेलं पायरुवेट वापरतात; पायरुवेट म्हणजे पेशीत साखर फोडताना बनणारा पदार्थ. कर्करोगाच्या पेशी त्याचं लॅक्टेट भराभर करतात, आणि हा बदल घडत असतानाच दिसतो. प्रोस्टेटच्या रुग्णांमधले पहिले निष्कर्ष २०१३ मध्ये आले. अडचण वेळेची. द्रवात आल्यावर मिनिटाभरात निम्म्याहून जास्त संकेत विरतो. म्हणून रुग्ण आधीच यंत्रात झोपलेला असतो, सुई टोचलेली असते, आणि हे पायरुवेटचं औषध तपासून होताच शेजारच्या खोलीतून धावत आणावं लागतं.