कणकुंबीच्या ढगांवरून रेंज

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी सोडून कणकुंबीच्या रस्त्याला लागलं की मोबाइलची रेंज वळणावळणाला कमी होत जाते. भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, आमगावसारख्या गावांत टॉवर उभारायचा तर रस्ता हवा, वीज हवी, फॉरेस्टची परवानगी हवी. एवढं करून टॉवर उभा राहिला तरी पुढचा डोंगर आडवा येतोच. रेशनचा अंगठा असो की १०८ ला फोन, सगळं रेंजवर अडतं.

थोडी भूमिती पाहू. १० किलोमीटरवरचा ४० मीटर उंच टॉवर क्षितिजापासून पाव अंशही वर येत नाही. गावापासून अर्ध्या किलोमीटरवर २०० मीटरची टेकडी असेल, तर ती त्या बाजूचं जवळपास २२ अंशांपर्यंतचं आकाश झाकते. पण अँटेना २० किलोमीटर उंचीवर असेल, तर ती ४० किलोमीटर दूर असूनही साडेसव्वीस अंशांवर येते, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरून थेट गावात.

गूगलच्या ‘लून’ प्रकल्पाने हेच फुग्यांनी करून दाखवलं. स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढगांच्या वरच्या हवेच्या थरात, वेगवेगळ्या उंचीवर वारे वेगवेगळ्या दिशांना वाहतात; फुगा वर-खाली होऊन हवा तो वारा पकडायचा. खाली साधा ४जी फोन चालायचा. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळानंतर प्वेर्तो रिकोत आणि २०२० मध्ये केनियात ही सेवा पोचली. २०२१ मध्ये प्रकल्प गुंडाळला, कारण खर्चाचं गणित जुळेना.

मला जास्त आशा वाटते ती सौरविमानाची, म्हणजे अँटेना घेऊन उन्हाच्या विजेवर त्या उंचीवर घिरट्या घालणाऱ्या विमानाची. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने २०२४ मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरेजवळ अशा विमानाची छोटी आवृत्ती उडवली. ती आठ तासांहून अधिक हवेत राहिली. जुलैत कणकुंबीत दिवसचे दिवस ऊन पडत नाही, पण २० किलोमीटरवर ढग खाली राहतात आणि पॅनेलला लख्ख ऊन मिळतं. रात्र मात्र बॅटरीवर काढायची, आणि खरं घोडं तिथेच अडलंय.

पावसाचं काय? ४जीच्या लहरींना तो फारसा अडवत नाही. पण जमिनीवरून विमानाला इंटरनेट पुरवायला बहुधा मिलिमीटर लहरी, म्हणजे फार आखूड रेडिओ लहरी, वापरतात. त्यांत भरपूर डेटा मावतो, पण मुसळधार पाऊस त्यांना गिळून टाकतो. इथे आपल्या बेळगाव जिल्ह्याचा भूगोल कामी येतो. कणकुंबीत वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस, तर गोकाककडे बेताचाच. फायबरला जोडलेलं केंद्र गोकाकच्या माळावर ठेवावं. तिथून खानापूर सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर. मधल्या आकाशात घिरट्या घालणाऱ्या विमानाला दोन्ही एकाच वेळी दिसतील.

ग्राहक थोडे असल्याने कंपन्या आपणहून येणार नाहीत, खर्च सरकारनेच उचलायला हवा. एका विमानाखाली खानापूरबरोबर महाराष्ट्रातलं चंदगड, कर्नाटकातलंच जोयडा आणि गोव्यातली सत्तरीही येऊ शकते, त्यामुळे हा खर्च तीन राज्यांत वाटता येईल. अडचण परवान्यांची आहे. मोबाइल लहरींचे परवाने सर्कलनिहाय, म्हणजे दूरसंचार विभागांनुसार मिळतात: कर्नाटकाचं सर्कल वेगळं, महाराष्ट्र-गोव्याचं वेगळं. वरून येणारी रेंज हद्द पाळणार नाही, म्हणून सीमेवर कोणत्या लहरी कोणी वापरायच्या हे विमान उडण्याआधीच ठरवावं लागेल.