अ‍ॅटनबरो नेमके कुठले? एका दुर्मिळ आडनावाच्या नकाशामागची पार्श्वभूमी

अ‍ॅटनबरो हे आडनाव मराठी वाचकाला दोन भावांमुळे ठाऊक आहे. एकाने १९८२ साली गांधीजींवर चित्रपट काढला, दुसऱ्याचा आवाज निसर्गपटांतून घरोघरी पोचला. नाव इतकं कानावरून गेलेलं असल्यामुळे ब्रिटनमध्ये ते बऱ्यापैकी असेल असं वाटतं. तसं नाही. स्मिथ लावणारे तिथे पाच लाखांच्या वर आहेत आणि अ‍ॅटनबरो लावणारे हजाराच्या आगेमागे. त्यांचं मूळ इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात, नॉटिंगहॅमशायर आणि डर्बीशायर या दोन काउंट्यांच्या शिवेवर आहे, हे सगळ्यांनाच मान्य आहे. वाद आहे तो शिवेच्या कोणत्या बाजूला किती, याचा. तो समजून घ्यायचा तर माणसांपेक्षा मोजणीचा इतिहास पाहावा लागतो.

नॉटिंगहॅमच्या नैर्ऋत्येला ट्रेंट नदीकाठी अ‍ॅटनबरो नावाचं छोटं गाव आहे. काउंटीची शीव म्हणून वाहणारी एरेवॉश नदी याच भागात ट्रेंटला मिळते. इंग्लंडच्या या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी आडनावं तेराव्या-चौदाव्या शतकात रूढ झाली आणि त्यात गावावरून पडलेली पुष्कळ होती. गावावरून आडनाव पडतं ते गाव सोडल्यावर. पेडण्यात कुणी कुणाला पेडणेकर म्हणत नाही, मुंबईत म्हणतात. तोच प्रकार इथे. त्यामुळे अ‍ॅटनबरो मंडळी अ‍ॅटनबरो गावात कमी आणि आसपासच्या चार-सहा मैलांत जास्त सापडावीत, हे ओघानेच आलं. दुसरंही एक स्पष्टीकरण दिलं जातं: कुठल्याही गढीपाशी राहणाऱ्याला 'गढीपाशचा' अशा अर्थाने हे नाव पडलं असावं. तसं असेल तर ते एकाहून जास्त ठिकाणी स्वतंत्रपणे उगवायला हवं. १३७७ ते १३८१ मधले डोईपट्टीचे कागद, १५३८ पासूनच्या चर्चच्या नोंदवह्या, १६६२ नंतरच्या चुलपट्टीच्या याद्या यांतून नावं मिळतात, पण जिथले कागद टिकले तिथलीच. दुर्मिळ आडनावाच्या बाबतीत एका चर्चची वही वाळवीने खाल्ली तर अख्खी शाखा गडप होते. म्हणून गंभीर मोजणी सुरू होते ती १८३७ पासूनच, असं माझं मत आहे.

१ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, मृत्यू आणि विवाहांची सरकारी नोंद सुरू झाली. (जन्माची नोंद न केल्यास दंड बसण्याची तरतूद मात्र १८७५ पासून लागू झाली, त्यामुळे आधीच्या दशकांत गळती आहे.) नोंदणीसाठी नवे जिल्हे आखायला वेळ नव्हता. १८३४ च्या गरीब कायद्याने तीन वर्षांपूर्वीच गावांचे गट पाडले होते. प्रत्येक गटाचं एक अनाथ-दरिद्रीगृह, त्याचा खर्च त्या गटातल्या गावांवर. हेच गट उचलून नोंदणी जिल्हे केले गेले. गट पाडताना पाहिलं होतं ते बाजाराचं गाव आणि गाडीरस्ता. काउंटीची शीव कुणी पाहिली नव्हती.

आता शार्डलो बघा. गाव डर्बीशायरचं. पण शार्डलोचा नोंदणी जिल्हा तीन काउंट्यांत पसरलेला होता: डर्बीशायर, लेस्टरशायरचा तुकडा आणि नॉटिंगहॅमशायरचा तुकडा. या शेवटच्या तुकड्यात एरेवॉशच्या पूर्वेची स्टेपलफर्ड, टोटन, चिलवेल ही गावं होती आणि खुद्द अ‍ॅटनबरोही होतं. आकडेवारीच्या सोयीसाठी प्रत्येक नोंदणी जिल्हा कुठल्या तरी एकाच काउंटीच्या खात्यात टाकायचा अशी पद्धत होती, आणि शार्डलो गेलं डर्बीशायरच्या खात्यात. म्हणजे ज्या गावावरून आडनाव पडलं असं मानतात, त्या गावात जन्मलेलं मूल कागदोपत्री डर्बीशायरचं झालं.

जन्मांची राष्ट्रीय सूची उघडली की समोर येतं एवढंच: आडनाव, नाव, जिल्हा, खंड आणि पान. तीन-तीन महिन्यांची एक यादी. १८५२ नंतर शार्डलोपुढे '७ बी' हा खंड दिसतो, आणि ७ बी मध्ये नॉटिंगहॅमशायर व डर्बीशायर दोन्ही येतात, म्हणजे खंडावरूनही काही कळायला मार्ग नाही. गाव या सूचीत नसतंच. ते कळायला पैसे भरून मूळ दाखला मागवावा लागतो. आता गंमत अशी की उलट दिशेचीही अदलाबदल आहे. बॅसफर्ड हा नॉटिंगहॅमशायरच्या खात्यातला जिल्हा, पण त्यात डर्बीशायरचं इल्कस्टन मोडत होतं. मग दोन्ही चुका एकमेकींना फेडून टाकतील, असं काही जण म्हणतात. स्मिथच्या बाबतीत फेडतीलही. हजारभर माणसांच्या आडनावात शार्डलोकडची चार कुटुंबं इकडची तिकडे झाली तरी नकाशाचा रंग बदलतो, आणि इल्कस्टनकडे तेवढीच कुटुंबं होती याची हमी कोण देणार?

दोघा भावांचे वडील १८८७ साली स्टेपलफर्डला जन्मले. गाव नॉटिंगहॅमशायरचं, नोंदणी जिल्हा शार्डलो. सूचीवरून रंगवलेल्या नकाशात असा जन्म डर्बीशायरच्या बाजूला पडतो. या आडनावाला 'मूळचं डर्बीशायरचं' ठरवणारे जे कोणी आहेत, त्यांच्या पुराव्यातला बराचसा भाग हा असा आहे. डर्बीशायरला अ‍ॅटनबरो नव्हते असं मला म्हणायचं नाही. एरेवॉशचं खोरं एकच होतं. कोळशाच्या खाणी, मोजे विणायचे माग, पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉटिंगहॅमहून लाँग ईटनला सरकलेले लेसचे कारखाने. लाँग ईटन डर्बीशायरात, पण स्टेपलफर्डहून कामाला चालत जाण्याच्या अंतरावर. तिथल्या माणसाला काउंटीची शीव ओलांडल्याचं काही वाटत नसणार. ते वाटतं नकाशा काढणाऱ्याला.

दुसरा मोठा आधार जनगणनेचा. १८०१ पासून ती होते, पण माणसांची नावं देशभर नोंदली गेली १८४१ पासून, आणि जन्मगावाचं नाव १८५१ पासून. १८४१ मध्ये 'याच काउंटीत जन्म झाला का' एवढाच प्रश्न होता. आडनावांचे प्रचलित नकाशे मात्र जवळजवळ सगळे १८८१ वर बेतलेले आहेत. १८८१ मध्ये आडनावांच्या दृष्टीने खास काही घडलं नव्हतं. वंशावळीच्या हौशी मंडळांनी आणि अमेरिकेतल्या एका चर्चच्या स्वयंसेवकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हेच साल उतरवून काढायला घेतलं, काम १९९० च्या दशकात पुरं झालं, १९९९ मध्ये ते सीडीवर आलं आणि जवळपास तीन कोटी माणसांची यादी घरच्या संगणकावर चाळता येऊ लागली. जे हाताशी आलं तेच प्रमाण झालं.

नकाशे काढताना बहुधा १८८१ च्या जनगणनेच्या रात्री, म्हणजे ३ एप्रिलला, माणूस जिथे होता ते ठिकाण धरतात. त्यामुळे लंडनवर एक ठिपका उमटतो. व्हिक्टोरियन लंडनमध्ये या आडनावाची गहाणवटीची आणि चांदीच्या भांड्यांची दुकानं नावाजलेली होती. १९१३ सालच्या एका खटल्यात मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने चांदीची भांडी परस्पर याच नावाच्या पेढीकडे गहाण टाकली होती आणि तो निवाडा अजून कायद्याच्या पुस्तकांत शिकवला जातो. पण दुकान लंडनला म्हणून आडनाव लंडनचं होत नाही. राहतं ठिकाण सोडून जन्मगावाचा रकाना धरला तर बाहेर गेलेल्यांपैकी पहिल्या पिढीतले तरी आपापल्या जागी परततात. रकाना समोर असताना तो वापरायचा कंटाळा का, हे मला कधी उमगलं नाही.

आडनावाच्या वर्णलेखनाचा घोळ याच वह्यांत आहे. आज बहुतेक जण शेवटी ओ-यू-जी-एच लिहितात. जुन्या कागदांत दोन आर आणि ओ-डब्ल्यू, मध्येच ओ ऐवजी यू, किंवा नुसत्या ओ वर आटोपलेलं रूपही भेटतं. ही सगळी एकच धरायची की वेगळी? वेगळी धरणाऱ्यांचा मुद्दा असा की काही घराण्यांनी ओ-डब्ल्यूचं रूप पिढ्यान्‌पिढ्या जपलं आहे, ती आज स्वतंत्र आडनावंच आहेत, आणि एकत्र करायला लागलं की कुठे थांबायचं ते कळत नाही. 'बरी'वर संपणारं एखादं दुसऱ्याच मुळाचं नावही पोटात जातं. मुद्दा खोटा नाही.

पण वही कशी भरली जायची ते पाहा. प्रगणक घरोघरी एक कोरा तक्ता देऊन जाई, जनगणनेच्या दुसऱ्या दिवशी गोळा करी. घरात लिहिता येणारं कुणी नसेल तर उंबरठ्यावर उभा राहून ऐकेल तसं लिहून घेई. मग घरी बसून ते सगळे तक्ते एका वहीत शाईने उतरवून काढी. कुटुंबप्रमुखाचं आडनाव वरच्या ओळीत, खाली बायकोमुलांपुढे 'वरीलप्रमाणे'ची खूण. वरच्या एका ओळीत एक अक्षर चुकलं की आठ माणसं चुकली. पुढे कचेरीत बेरजा करणाऱ्या कारकुनांनी त्याच पानांवर रंगीत पेन्सिलीने रेघा ओढल्या. आणि घरचे मूळ तक्ते नष्ट केले गेले. १९०१ पर्यंत आपण जे वाचतो ते प्रगणकाचं अक्षर आहे. घरच्या माणसाने स्वतः भरलेला तक्ता १९११ पासून जपला गेला. म्हणून १९११ च्या आधी सगळी रूपं एकत्र मोजावीत आणि नंतर वेगळी, हे मला रास्त वाटतं. एकत्र केल्याने आडनाव कमी दुर्मिळ दिसतं, आणि दुर्मिळपणाचं कौतुक असलेल्यांना ते रुचत नाही, हेही खरं.

दुर्मिळ नावांची अशी हेळसांड जुनी आहे. १८९० मध्ये एका सर्जन-निसर्गअभ्यासकाने ब्रिटनच्या आडनावांची पहिली मोठी भौगोलिक पाहणी प्रसिद्ध केली. शेतकरी गाव सोडत नाही असं धरून त्याने व्यापारी निर्देशिकांतले फक्त शेतकरी मोजले आणि काउंटीत दर दहा हजारांमागे ७ पेक्षा कमी आढळलेली आडनावं सोडून दिली. लेसच्या कारखान्यात किंवा खाणीत असलेला माणूस त्याच्या चाळणीतून आधीच पडलेला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस रक्ताची साक्ष निघाली. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, इंग्लंडात आडनावही तसंच जातं, तेव्हा दोन्हींची सांगड घालता येईल असा तर्क. २००९ च्या एका अभ्यासात ४० आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले. स्मिथांचा एकमेकांशी वाटेवरच्या माणसापेक्षा जास्त संबंध निघाला नाही. अ‍ॅटनबरोंत मात्र ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांचं वाय गुणसूत्र सारखं किंवा जवळजवळ सारखं निघालं. म्हणजे आडनाव अनेक ठिकाणी उगवल्याची शक्यता बरीच मागे पडली. एका पुरुषाचा वंश वाढला आणि बाकीचे खुंटले. तो पुरुष नदीच्या या काठचा की त्या, हे गुणसूत्र सांगत नाही. उरलेले तिसाच्या आतले टक्के दत्तक, आईकडून आलेलं आडनाव, लग्नाबाहेरची संतती यांनी भरून निघतात. हे काम लेस्टरच्या विद्यापीठात झालं, आणि दोघे भाऊ वाढले ते त्याच विद्यापीठाच्या आवारात, तेव्हा ते महाविद्यालय होतं आणि वडील प्राचार्य होते. निव्वळ योगायोग.

याच गटाने २००७ मध्ये यॉर्कशायरच्या एका दुर्मिळ आडनावाचे १८ पुरुष तपासले होते, आणि त्यांतल्या सात जणांत पश्चिम आफ्रिकेशी नातं सांगणारं गुणसूत्र निघालं. शोधनिबंधात ते आडनाव मुद्दामच छापलं नव्हतं. इतक्या कमी माणसांत आडनाव छापणं म्हणजे माणूस छापण्यासारखंच.

आजच्या संख्येचे आधार त्या मानाने पातळ आहेत. आरोग्यसेवेच्या नोंदींवरून काढलेली सप्टेंबर २००२ ची आडनावांची यादी उपयोगी आहे, पण पाचापेक्षा कमी जणांची नावं तीत नाहीत आणि काही मृत व परदेशी गेलेली माणसंही मोजली गेली आहेत. २००२ पासून मतदाराला मतदारयादीच्या विकल्या जाणाऱ्या प्रतीतून नाव वगळता येतं, तेव्हापासून मतदारयाद्यांवर बांधलेले नकाशे दरसाल विरळ होत चालले आहेत.

मधल्या काळाची अडचण वेगळीच. जनगणनेचे कागद शंभर वर्षं बंद असतात. १९२१ चे जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. १९३१ चे डिसेंबर १९४२ मध्ये लंडनजवळच्या हेजमधल्या गोदामाच्या आगीत गेले, आणि ती आग बॉम्बची नव्हती. १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. राहतं ते २९ सप्टेंबर १९३९ चं युद्धकालीन रजिस्टर. ओळखपत्रांसाठी केलेलं हे रजिस्टर पुढे आरोग्यसेवेने वापरलं आणि १९९१ पर्यंत त्यात दुरुस्त्या होत राहिल्या. लग्न झालेल्या मुलीचं माहेरचं आडनाव खोडून वर सासरचं लिहिलेलं त्यात जागोजागी दिसतं. अ‍ॅटनबरो कुणी घेतलं आणि कुणी टाकलं, दोन्ही एकाच ओळीत वाचता येतं. गाव आणि घरही दिलेलं आहे, त्यामुळे शार्डलोची भानगड इथे उद्‌भवत नाही. १९५१ ची जनगणना उघडायला २०५२ उजाडेल; तोवर स्टेपलफर्ड आणि लाँग ईटन वेगळे मोजायचे तर या रजिस्टरपासून सुरुवात करावी.